अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आल्यावर: ग्रंथीत काय चालते आणि कोणती तपासणी कधी करायची

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये हल्ली अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइड ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी, बऱ्याचदा असते. रिपोर्टवर ६१२ असा ठळक आकडा, शेजारी 'नॉर्मल ३४ पर्यंत', आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन) मात्र ३.८, म्हणजे मर्यादेत. असा रिपोर्ट हाती आला की काही जण दर तीन महिन्यांनी अँटी-टीपीओ पुन्हा करून आकडा उतरला का ते पाहतात. काही जण 'सायटोकाइन पॅनेल'सारख्या महाग तपासणीच्या मागे लागतात. दोन्ही पैसे वाया. यामागे बहुधा हाशिमोटो हा स्वप्रतिकारक आजार असतो, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उलटते. या आजारात सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात ती प्रथिने, खरोखरच सूत्रे हलवतात. पण ती रक्तात मोजून उपचार बदलत नाहीत. ती कधी आणि कशाने उसळतात हे माहीत असले तर टीएसएच कधी करायचा, कधी पुढे ढकलायचा आणि कोणत्या औषधाआधी करायचा हे नेमके ठरवता येते.

ग्रंथीत काय घडते

१९१२ साली जपानमधल्या हाकारू हाशिमोटो यांनी चार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या थायरॉइड ग्रंथींचे वर्णन केले. त्या ग्रंथी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या होत्या. लिम्फोसाइट तिथे का येतात आणि एकदा आले की का हटत नाहीत, याचे उत्तर सायटोकाइनमध्ये आहे.

सुरुवात मदतनीस टी-पेशींपासून होते. त्यांतला टीएच-१ गट इंटरफेरॉन-गॅमा सोडतो. त्याच्या प्रभावाखाली थायरॉइडची पेशी एचएलए वर्ग-२ चे रेणू आपल्या पृष्ठभागावर मांडू लागते. हे रेणू एरवी रोगप्रतिकारक पेशींकडेच असतात. म्हणजे ज्या पेशीवर हल्ला व्हायचा, तीच आपली प्रथिने टी-पेशींसमोर धरते. जियान फ्रँको बोट्टाझ्झो आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली. हीच पेशी इंटरफेरॉन-गॅमामुळे सीएक्ससीएल-९, १० आणि ११ हे केमोकाइन, म्हणजे इतर पेशींना बोलावून घेणारे सायटोकाइन, देखील सोडते. त्यांच्या मागावर सीएक्ससीआर-३ हा ग्राहक (पेशीवरचा निरोप पकडणारा रेणू) असलेल्या आणखी टी-पेशी येतात, त्या आणखी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि चक्र फिरत राहते. एकदा पेटलेला हाशिमोटो वर्षानुवर्षे का धुमसतो, ते यावरून कळावे.

टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-१ बीटा यांचे काम वेगळे. त्यांच्यामुळे थायरॉइड पेशीवर फॅस नावाचा ग्राहक वाढतो. त्याला त्याची जोडी भेटली की पेशी स्वतःच मरणाची प्रक्रिया सुरू करते. शिवाय हे दोघे आयोडीन आत ओढण्याचे आणि टीपीओ (थायरॉइड हार्मोन घडवणारे एन्झाइम) बनवण्याचे कामही मंदावतात. त्यामुळे जिवंत राहिलेल्या पेशींचे कामही कमी होते. इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा हे ब्रेक. त्यातला टीजीएफ-बीटा फार काळ चालू राहिला तर ग्रंथीत तंतू वाढतात आणि ती कडक होते. इंटरल्यूकिन-२१ आणि बॅफ ही सायटोकाइन बी-पेशींना पोसतात, आणि बी-पेशींपासून तयार झालेल्या पेशी रिपोर्टवर दिसणारी अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडे बनवतात.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी की हाशिमोटोमध्ये नासधूस मुख्यतः टी-पेशी आणि सायटोकाइन करतात. अँटी-टीपीओ ही त्या धुमश्चक्रीची खूण आहे. म्हणून ६१२ असलेल्या बाईची ग्रंथी नीट चालू असू शकते आणि ९० असलेल्या माणसाला थायरॉक्सिन या थायरॉइड हार्मोनची शंभर मायक्रोग्रॅमची गोळी रोज लागू शकते.

ग्रेव्हज आजारात पात्रे बरीचशी हीच असतात, शेवट मात्र उलटा. तिथे टीएसएचच्या ग्राहकालाच चिकटून ग्रंथीला चेव आणणारी प्रतिपिंडे (ट्रॅब) बनतात आणि हार्मोन वाढते. 'हाशिमोटो म्हणजे टीएच-१, ग्रेव्हज म्हणजे टीएच-२' असे सूत्र अनेक ठिकाणी वाचायला मिळते (टीएच-२ हा प्रतिपिंडे बनवायला चालना देणारा मदतनीस टी-पेशींचा गट). ते परीक्षेपुरते ठीक. भडकलेल्या ग्रेव्हजमध्येही टीएच-१ ची खूण असलेला सीएक्ससीएल-१० चढलेला असतो.

सायटोकाइन का मोजू नयेत

हे निरोप ग्रंथीच्या आत, शेजारच्या पेशीपुरते असतात. रक्तात त्यांचे प्रमाण पिकोग्रॅममध्ये आणि आयुष्य थोडे. इंटरल्यूकिन-६ तर लठ्ठपणाने, सुजलेल्या हिरडीने, रात्रीच्या जागरणानेही हलतो. नमुना गोठवायच्या आधी तासन्तास टेबलावर राहिला तर नळीतल्या पेशीच काही सायटोकाइन सोडतात आणि आकडा फुगतो. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. संशोधनात नमुने एकाच पद्धतीने, एकाच बॅचमध्ये तपासतात, म्हणून गटागटांची तुलना जमते. एका माणसाच्या एका रिपोर्टवरून गोळीचा डोस ठरवता येत नाही.

मग काय तपासावे

पहिल्या खेपेला टीएसएच, फ्री टी-४ (थायरॉइड हार्मोनचा रक्तातला मुक्त भाग) आणि एकदाच अँटी-टीपीओ. पॉझिटिव्ह आला की त्या तपासणीचे काम संपले. 'नॉर्मल'ची मर्यादा यंत्रानुसार बदलते, कुठे ९, कुठे ३४, कुठे ६०. म्हणून दोन लॅबचे अँटी-टीपीओ शेजारी ठेवून 'वाढला, उतरला' म्हणण्यात अर्थ नाही. सोनोग्राफी गाठ हाताला लागत असेल किंवा ग्रंथी मोठी असेल तरच. टीएसएच ०.१ पेक्षा खाली असेल तर ट्रॅब करावा.

पुढचा पाठपुरावा किती, याला इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावच्या वीस वर्षांच्या पाहणीचा आधार आहे. टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडेही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी ४.३ टक्के उघड हायपोथायरॉइड झाल्या, म्हणजे त्यांच्यात हार्मोन कमी पडले. फक्त प्रतिपिंडे असलेल्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. त्यामुळे टीएसएच नॉर्मल असेल तर वर्षातून एकदा टीएसएच पुरे, गोळी नको. टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये आला तर लगेच गोळी सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-४ सोबत पुन्हा करावा. बऱ्याच जणांचा तो आपोआप खाली येतो. दोनदा १० च्या वर आला तर उपचार सुरू होतात. गरोदर असलेल्या किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीचे नियम वेगळे; गोळी आधीच चालू असलेल्या गरोदर स्त्रीचे पुढे दिले आहेत.

रक्त सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, थायरॉक्सिनची गोळी घेण्याआधी द्यावे. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी तीनला दिले तर डोस न बदलताही आकडा बदलतो. गोळी घेऊन दोन-तीन तासांनी दिलेल्या रक्तात फ्री टी-४ थोडा जास्त दिसतो. टीएसएचसाठी उपाशी असणे बंधनकारक नाही, पण दर वेळी तीच वेळ, तीच लॅब आणि तीच स्थिती ठेवावी.

रिपोर्ट फसवतो तेव्हा

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणारे खूप. शरीराची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. अनेक यंत्रांत बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन या एकमेकांना घट्ट चिकटणाऱ्या रेणूंच्या जोडीवर तपासणी चालते. रक्तातले जास्तीचे बायोटिन तिथे मध्येच घुसते: टीएसएच खोटा कमी, फ्री टी-४ आणि टी-३ (थायरॉइडचे दुसरे हार्मोन) खोटे जास्त, ट्रॅबही खोटा पॉझिटिव्ह. हे चित्र हुबेहूब ग्रेव्हजचे. यावरून कार्बिमाझोल (हार्मोन बनणे थांबवणारे औषध) सुरू झाले तर धडधाकट ग्रंथी दाबली जाते. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. मेंदूच्या आजारासाठी १०० मिलिग्रॅमच्या पुढचे डोस चालू असतील तर आठवडाभर, आणि तेही डॉक्टरांना विचारून. 'हेअर, स्किन अँड नेल्स' लिहिलेल्या मल्टिव्हिटॅमिनची मागची बाजू वाचावी, बायोटिन तिथे असते.

दुसरी फसवणूक तापाची, आणि इथे सायटोकाइन थेट रिपोर्टवर उतरतात. डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ-अल्फा चढतात. टी-४ चे टी-३ करणारे एन्झाइम त्यांच्यामुळे मंदावते आणि मेंदूकडून येणारा टीएसएचचा हुकूमही दबतो. परिणाम: टी-३ कमी, टीएसएच कमी किंवा 'नॉर्मल'. बरे होताना तोच टीएसएच उलट उसळतो, क्वचित २० पर्यंतही जातो. रुग्णालयातून घरी आल्यावर आठव्या दिवशी केलेल्या तपासणीत १४ टीएसएच दिसला म्हणून जन्मभराची गोळी सुरू करण्याची घाई करू नये. सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा करावा. स्टेरॉइड चालू असतील तरी टीएसएच खाली दबतो. गोळी आधीपासून चालू असेल तर मात्र आजारपणात ती बंद करू नये. नवीन अनियमित धडधड, शरीर गार पडून गुंगी येणे अशी लक्षणे असतील तर वाट न पाहता तपासणी तातडीने होते, हा अपवाद.

तिसरा प्रसंग बाळंतपणानंतरचा. गरोदरपणात रोगप्रतिकारशक्ती आवरलेली असते, कारण गर्भ अर्धा परका. प्रसूतीनंतर तो आवर सुटतो आणि निरोपांची उसळी येते. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या जणींना प्रसूतीनंतरचा थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीचा दाह, होतो. पहिल्या एक ते सहा महिन्यांत फुटलेल्या पेशींतून साठवलेले हार्मोन सांडते: धडधड, घाम, वजन उतरणे. चौथ्या ते आठव्या महिन्यात हार्मोन संपते: थकवा, बद्धकोष्ठता, उदासी. घरात याला 'बाळामुळे झोप नाही' असे म्हणून सोडून दिले जाते. प्रतिपिंडे असतील तर प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांनी आणि पुन्हा सहाव्या महिन्यात टीएसएच करावा.

पहिल्या टप्प्यात कार्बिमाझोलचा काही उपयोग नाही. ते हार्मोन बनणे थांबवते, इथे तर बनलेले सांडते आहे. त्रास फार असेल तर डॉक्टर धडधड आवरणारे प्रोप्रॅनोलॉल देतात. ग्रेव्हज आहे की हा थायरॉइडायटिस, हे ट्रॅबवरून कळते. बाळ अंगावर पीत असताना आयोडीनचा रेडिओअॅक्टिव्ह स्कॅन करत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात सुरू झालेली गोळी साधारण वर्षभराने कमी करून पाहावी, कारण बहुतेकींची ग्रंथी सावरते. सावरली तरी पुढे दर वर्षी टीएसएच चुकवू नये.

गोळी घेताना

थायरॉक्सिन सायटोकाइनना शांत करत नाही. ग्रंथी जेवढे कमी बनवते तेवढे ते भरून काढते. उघड हायपोथायरॉइडमध्ये पूर्ण डोस किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला ९६, व्यवहारात १००. टीएसएच थोडाच वाढलेला असेल तर २५ ते ५० पुरतात. वय साठच्या पुढे किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून सुरू करून दर सहा-आठ आठवड्यांनी वाढवतात. एकदम शंभर दिले तर छातीत दुखू शकते.

उठल्यावर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि चहा अर्धा ते एक तासाने. हा अर्धा तास महाराष्ट्रात सगळ्यात आधी मोडतो. ज्यांना तो जमत नाही त्यांनी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. तीही पद्धत तितकीच चालते. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड चार तास लांब. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायचीच. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालते, कारण रक्तातला टी-४ निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात. हृदयरोग्यांनी मात्र दोन एकदम घेऊ नयेत. याच सात दिवसांच्या हिशोबामुळे डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली तरी सहा आठवड्यांनी तपासावे.

गोळीला ओल, ऊन आणि उष्णता सोसत नाही. पावसाळ्यात कोकणात बाटलीचे झाकण सैल राहिले किंवा महिन्याभराच्या गोळ्या काढून डबीत भरल्या तर ताकद उतरते. बाटली न्हाणीघरात किंवा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये.

किलोमागे दोन मायक्रोग्रॅमच्या वर डोस जाऊनही टीएसएच उतरत नसेल, आणि गोळी खरोखर नियमित असेल, तर पोटाकडे पाहावे. स्वप्रतिकारक आजार जोडीने येतात. सीलियाकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडे बिघडणारा आजार) टीटीजी-आयजीए, जठराच्या आवरणाच्या आजारासाठी बी-१२ आणि हिमोग्लोबिन करून घ्यावे. पँटोप्राझोलसारखी आम्लता कमी करणारी औषधेही शोषण कमी करतात.

गोळी चालू असलेल्या स्त्रीने गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह येताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट घ्याव्यात. हे आधीच डॉक्टरांशी ठरवून ठेवावे, कारण पहिली अपॉइंटमेंट मिळेपर्यंत कधी कधी महिना जातो. टीएसएच लगेच, मग विसाव्या आठवड्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, लक्ष्य २.५ च्या खाली. प्रसूतीनंतर जुना डोस आणि सहा आठवड्यांनी तपासणी.

'इम्युनिटी' वाढवणे आणि इतर उपाय

इथे रोगप्रतिकारशक्ती अपुरी नाही, ती चुकीच्या जागी राबते आहे. त्यामुळे 'इम्युनिटी बूस्टर' नावाच्या वस्तूंकडून काय अपेक्षा करायची, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारावा. अश्वगंधा घेऊन थायरॉइडचे हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. गोळी चालू असताना ती घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. सेलेनियमच्या रोज २०० मायक्रोग्रॅमने अँटी-टीपीओचा आकडा उतरतो, पण गोळीचा डोस किंवा थकवा त्याने बदलल्याचे ठोस दिसत नाही. सीलियाक नसेल तर गव्हाची पोळी सोडण्याचे कारण नाही. शिजवलेला कोबी-फ्लॉवर चालतो. आयोडीनयुक्त मीठ बंद करू नये, पण समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल टाळाव्यात. जास्तीचे आयोडीन हाशिमोटो भडकवू शकते.

ग्रेव्हज असेल तर डोळे आणि ताप

डोळ्यांमागच्या फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या) पेशींवर टीएसएचचा ग्राहक असतो आणि त्याच्या जोडीला आयजीएफ-१ या वाढ घडवणाऱ्या प्रथिनाचा. प्रतिपिंडे आणि सायटोकाइन यांनी त्या पेशी चेतवल्या की त्या हायलुरोनन बनवतात. ते पाणी धरून ठेवते आणि डोळा पुढे येतो. सिगारेट ही आग वाढवते, आणि इथे ती सोडण्याचा फायदा मोठा असतो. सूज साधारण पहिली एक-दोन वर्षे जिवंत असते, औषधांचा उपयोग मुख्यतः त्याच काळात. नंतर तंतू घट्ट होतात आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते.

सौम्य आजारात सेलेनियम १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने. मध्यम ते तीव्र आजारात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आठवड्याला ५०० मिलिग्रॅम सहा वेळा आणि मग २५० सहा वेळा, एकूण साडेचार ग्रॅम. आठ ग्रॅमच्या वर गेल्यास यकृताला धोका. आधी यकृताच्या तपासण्या, हिपॅटायटिस-बी आणि साखर पाहावी. इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवणारे टोसिलिझुमॅब काही केंद्रांत वापरतात. आपल्याकडे त्याआधी क्षयरोगाची तपासणी चुकवू नये. आयजीएफ-१ चा ग्राहक अडवणाऱ्या टेप्रोटुमुमॅबला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळाली. त्याने साखर वाढते आणि ऐकू येणे कमी होऊ शकते. रंग फिके दिसू लागले किंवा नजर झपाट्याने कमी झाली तर डोळ्याची नस दबत असते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

कार्बिमाझोल घेणाऱ्याला ताप आणि घसा दुखणे सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करावा. पांढऱ्या पेशी कोसळणे दुर्मीळ असले तरी जिवावर बेतते.

निरोप बदलणारी औषधे

हिपॅटायटिस-सी साठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा देत तेव्हा थायरॉइड बिघडणे नेहमीचे होते, विशेषतः ज्यांचा अँटी-टीपीओ आधीच पॉझिटिव्ह असे त्यांच्यात. आता तोंडावाटे घ्यायच्या औषधांमुळे तो प्रश्न मागे पडला. कर्करोगातले इंटरल्यूकिन-२ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधले अॅलेम्टुझुमॅब हेही त्याच माळेतले. अॅलेम्टुझुमॅब घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढच्या काही वर्षांत थायरॉइडचा स्वप्रतिकारक आजार होतो, म्हणून औषध संपल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

आज सगळ्यात जास्त दिसतात ती निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब अशी पीडी-१ अडवणारी कर्करोगावरची औषधे. ती टी-पेशींचा ब्रेक काढतात आणि थायरॉइड त्यात सापडते. पहिला डोस देण्याआधी टीएसएच आणि फ्री टी-४, मग दर चार ते सहा आठवड्यांनी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत हार्मोन सांडून टीएसएच शून्याकडे जातो आणि पुढे महिन्या-दीड महिन्यात तो चढत जाऊन गोळी लागते. त्यासाठी बहुधा कर्करोगाचे औषध थांबवावे लागत नाही.

रिपोर्टमध्ये फ्री टी-४ कमी आणि टीएसएचही कमी किंवा 'नॉर्मल' असेल, तर दोष ग्रंथीत नसून पिट्युटरीत असू शकतो. इपिलिमुमॅब या कर्करोगावरच्या औषधासोबत हे जास्त घडते. डोकेदुखी, उलट्या आणि उतरलेला रक्तदाब ही त्याची खूण. अशा वेळी सकाळी आठचे कॉर्टिसॉल (ताण सोसायला लागणारे, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतले हार्मोन) करून घेतल्याशिवाय थायरॉक्सिन सुरू करू नये. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन दिले तर शरीर उरलेसुरले कॉर्टिसॉल वेगाने संपवते आणि रुग्ण कोसळतो. आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन.